तिसरा मजला आणि म्हातारा लॅब्रेडॉर

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ६४, बँकेतून निवृत्त. यजमान ६९ वर्षांचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. त्यांचा शेरू तेरा वर्षं घरात होता, दोन वर्षांपूर्वी गेला. मध्यंतरी मैत्रिणीबरोबर शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये जुन्या चादरी द्यायला गेल्या, तर तिथला नऊ-दहा वर्षांचा एक लॅब्रेडॉर त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून बसला तो उठेचना. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही. "इतकं शहाणं कुत्रं मी पाहिलं नाही. कसल्या माणसांनी टाकलं असेल त्याला?" असं त्या लिहितात. बंगळुरूचा मुलगा म्हणतो, घ्यायचंच तर पिल्लू घे, हा दोन वर्षांत जाणार आणि तू परत रडत बसणार. यजमान म्हणतात, "तुझं तू बघ." सोसायटीच्या सेक्रेटरींनी आता नवीन कुत्री नकोत म्हणून आधीच ऐकवलं आहे. युधिष्ठिरानेही शेवटपर्यंत कुत्र्याला सोडलं नव्हतं, असं लिहून त्या विचारतात : हा वेडेपणा आहे का? आणि आम्हीच आधी गेलो तर?

ताई,

युधिष्ठिरापासूनच सुरुवात करते. त्याचा कुत्रा हिमालय स्वतःच्या पायांनी चढत होता. तुमच्या लॅब्रेडॉरला तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, हा प्रश्न महाभारतात आलेला नाही, आणि तुमच्या पत्रातही जवळजवळ नाही. चार पानी पत्रात रडण्याबद्दल दीड पान आहे आणि जिन्याबद्दल अर्धी ओळ. मी उलट करणार आहे.

रडण्याचं आधी उरकते. शेरू गेल्यावर तुम्ही वर्षभर त्याचं ताट घासून पालथं घालून ठेवत होतात, असं लिहिलंय. पण तो घरात आलाच नसता तर बरं झालं असतं, असं चार पानांत कुठेही नाही. तेव्हा रडू येईल का, तर येईल. ते तुम्हाला झेपतं हे तुम्ही एकदा करून दाखवलं आहे. त्यापुढे या मुद्द्यात मला काही दिसत नाही.

मुलाचा हिशेब मात्र नीट तपासू या, कारण तो वरवर शहाणपणाचा वाटतो. लॅब्रेडॉर साधारण दहा ते बारा वर्षं जगतो, काही त्याहून जास्त. आज पिल्लू आणलंत तर ते म्हातारं होईल तेव्हा तुम्ही पंचाहत्तरीत आणि यजमान ऐंशीत असतील. जिना हाच असेल. शिवाय पहिलं वर्षभर ते पिल्लू दिवसातून सहा वेळा खाली न्यायचं, आणि पट्टा ओढून ओढून नवीन गुडघ्याला कामाला लावणार. तुमच्या वयाच्या घरात पिल्लू हाच जास्त धाडसाचा पर्याय आहे. मुलाला हे भांडण म्हणून सांगू नका, कॅलेंडर घेऊन बसा. आणि 'दोन वर्षांत जाणार' हेही त्याला कुठून कळलं? शेल्टरवाल्यांनी वय दातांवरून सांगितलं असणार. लहान पिल्लाचं वय दातांवरून बरंच नेमकं कळतं. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत तो अंदाज असतो, कारण कोणी दगड चावलेले असतात, कोणी पिंजऱ्याच्या जाळ्या. नऊ-दहा म्हणजे आठ असेल किंवा बाराही असेल.

आता जिना. जुन्या इमारतींत एका मजल्याला साधारण अठरा पायऱ्या धरल्या तर तिसरा मजला म्हणजे चोपन्न. म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसातून चार वेळा तरी खाली न्यावं लागतं, म्हणजे रोज दोनशे सोळा पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या. किडनीचा त्रास असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर रात्री दोनलाही एक फेरी. हे तुमच्या पायांचं झालं. त्याचे पाय वेगळे. लॅब्रेडॉरला कमरेच्या सांध्यांची खोड जातीतच असते, आणि म्हातारपणी संधिवात धरला की चढणं आणि उतरणं दोन्ही अवघड जातं. उतरताना पुढच्या पायांवर सगळं वजन येतं, मागचे घसरतात. पूर्ण वाढलेला नर तीस किलोच्या आसपास असतो. तांदळाचं तीस किलोचं पोतं कल्पनेत उचलून बघा, आणि ते पोतं मधल्या वळणावर घाबरून अंग आक्रसतंय असंही समजा.

तुम्ही लिहिलंय, "शेवटचे चार महिने शेरूला आम्ही उचलून खाली नेत होतो." ताई, 'आम्ही' म्हणजे कोण? मला वाटतं ते यजमान होते. आणि गुडघ्याचं ऑपरेशन त्यानंतर झालं, हेही तुमच्याच पत्रात आहे, दोन पानं पुढे. तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. त्या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

म्हणूनच 'तुझं तू बघ' हा होकार समजू नका. आपल्याकडच्या संसारांत त्या तीन शब्दांचा अर्थ प्रसंगाप्रमाणे बदलतो, पण 'हो' असा क्वचितच असतो. कधी तो 'मला विचारू नकोस, मी नाही म्हणेन आणि मग तू वर्षभर ऐकवशील' असा असतो. कधी त्या माणसालाही तितकंच रडायचं असतं आणि रडणारं घरात आधीच एक आहे म्हणून तो गप्प असतो. विचारा त्यांना. चहा गाळता गाळता, स्वयंपाकघरातून आवाज देऊन नव्हे. समोर बसून, आणि 'आणू या का?' असं नव्हे तर 'पहाटे पाचला कोण उठणार आणि कोण उतरणार?' असं.

दुसरी एक गोष्ट मला खटकली : तुमचा 'शहाणा' हा शब्द. शेल्टरमध्ये म्हातारं कुत्रं एका जागी पडून राहतं, भुंकत नाही, अंगावर येत नाही, आणि बघणारा म्हणतो, किती गुणी. असेलही गुणी. पण हलत नाही ते कित्येकदा हलल्यावर दुखतं म्हणून. किंवा गोचीड ताप अंगात मुरलेला असतो. आपल्या हवेत गोचिडी बारा महिने असतात आणि शेल्टरमध्ये तर विचारूच नका. किंवा थायरॉइड कमी पडतंय, किंवा घर सुटल्याच्या धक्क्यातून ते अजून बाहेर आलेलं नाही. तुमच्या चपलेवर टेकलेली हनुवटी प्रेमाची नव्हती असं मी म्हणत नाही. पण त्या हनुवटीवर निर्णय घेण्याआधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट, किडनी-लिव्हर, थायरॉइड, लघवी, कमरेचा एक्स-रे, हृदयाचे ठोके, आणि दात. सडलेल्या दातांमुळे न खाणारं कुत्रं लोक 'दुःखी आहे' म्हणून कुरवाळत बसतात. डोळ्यांत निळसर झाक दिसली तर लगेच मोतीबिंदू समजू नका, वयाने बुबुळामागचं भिंग तसं दिसतं आणि बऱ्यापैकी दिसत राहतं. फरक डॉक्टर सांगतील. (हे वाचणाऱ्या कोणी म्हातारी मादी आणणार असतील आणि तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल, तर गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांतल्या गाठींचा प्रश्न डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. ब्रीडरने वापरून सोडून दिलेल्या माद्यांमध्ये हे फार दिसतं.) खाजगी तपासण्या परवडत नसतील तर पुण्यात औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. मुंबईकरांना परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासून. रांग असते, सकाळी लवकर जावं.

आणि 'कसल्या माणसांनी टाकलं'. तुमचा संताप कळतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावर उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडून देणं गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. दोन वडापावांत सुटका. पण हा राग या कुत्र्याच्या बाबतीत खरा आहे का, ते आधी शेल्टरमध्ये विचारा. नऊ वर्षं सांभाळलेलं कुत्रं दारात येतं त्यामागे बरेचदा टाकणारा माणूस नसतोच. मालक वारलेला असतो, किंवा मालकीणबाई वृद्धाश्रमात गेलेल्या असतात जिथे कुत्रं चालत नाही, आणि मुलं दुसऱ्या देशात. त्याला आधी सांभाळणारी माणसं कदाचित तुमच्याच वयाची होती. तुमचा शेवटचा प्रश्न, 'आम्हीच आधी गेलो तर', त्यांनीही कोणाला तरी विचारला असेल, किंवा विचारायचा राहून गेला असेल. त्याकडे मी परत येते.

मध्ये माझी गोष्ट सांगते, कारण हे सगळं मी चुकून शिकले आहे. माझ्याकडे काळी ही कुत्री आली तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला सांभाळणारी आजी गेली होती आणि आजीच्या भाचेमंडळींना ठेवायला जमत नव्हतं. मी तिला रविवारी आणलं, आल्या आल्या गरम पाण्याने आंघोळ घातली, बघायला सहा नातेवाईक बोलावले, आणि चिकन-भाताचं ताट पुढे ठेवलं. काळी दिवाणाखाली गेली ती मंगळवारी बाहेर आली. तेही रात्री, पाणी प्यायला, आम्ही झोपल्यावर. पुढे आठवडाभर ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. मला वाटत होतं आपण तिला वाचवलं. तिच्या लेखी आम्ही तिला पळवून आणलेलं होतं. मग अकराव्या दिवशी दुपारी मी पोळ्या करत होते. पहिली पोळी तव्यावरून उतरली आणि मागे नखांचा आवाज आला. काळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली होती, आत नाही, बरोबर उंबऱ्यावर, आणि माझ्याकडे नाही, पोळीच्या डब्याकडे बघत होती. मी चतकोर मोडून दिला. तिने तो अलगद घेतला आणि जाऊन खाल्ला. तिच्या आजीकडे दुपारी पोळ्या होताना तिला चतकोर मिळत असणार. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कोणाला विचारलं नव्हतं. ती आमच्याकडे तीन वर्षं आणि एक पावसाळा राहिली.

म्हणून तुम्ही विचारा. त्याला कोणत्या नावाने हाक मारायचे, जेवण किती वाजता, शाकाहारी घर होतं का, बाहेर जायची सवय होती की गच्चीत, मराठीत बोलायचे की दुसऱ्या भाषेत. शेल्टरला जेवढं माहीत असेल तेवढं लिहून घ्या. कुत्री सांभाळणाऱ्या लोकांत एक हिशेब सांगतात : बावरलेपण जायला तीन दिवस, घर अंगवळणी पडायला तीन आठवडे, आणि 'हे माझं' वाटायला तीन महिने. म्हाताऱ्याला मी प्रत्येक टप्प्याला थोडं जास्त धरीन. पहिल्या दिवसांत तो खाणार नाही, दिवसभर लघवी धरून ठेवेल, कंबरेला हात लागला तर गुरगुरेल. उपकारांची जाणीव वगैरे त्याच्याकडून धरू नका.

आता माझं स्पष्ट मत. या लॅब्रेडॉरला तिसऱ्या मजल्यावर कायमचं आणण्याआधी त्याला एकदा जिना दाखवा. शेल्टरशी बोलून एक दुपार त्याला घरी आणा, यजमान असताना. तो कसा चढतो आणि कसा उतरतो, दोन्ही बघा. मधल्या वळणावर थांबतो का, मागचे पाय एकदम सशासारखे जोडीने टाकतो का, खाली आल्यावर किती वेळ धापा टाकतो. एक्स-रे आणि ही दुपार, दोन्ही बरी निघाली तर मी 'आणा' म्हणेन, पण आधी महिनाभरासाठी, तात्पुरता सांभाळ म्हणून. अशा सांभाळाला बऱ्याच संस्था आनंदाने तयार होतात, कारण म्हाताऱ्यांना कोणी विचारतच नाही. महिन्याने परत द्यावा लागला तर ते तुमचं अपयश नाही. त्या महिन्यात त्याच्याबद्दल जे कळेल ते पुढच्या घराला उपयोगी पडेल. वजन जास्त असेल तर ते आधी उतरवा, सांध्यांना त्याच्याइतका आराम दुसऱ्या कशाने नाही. आणि घडी घातलेली सोलापुरी चादर दारामागे अडकवून ठेवा. पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे घालून दोन्ही टोकं वर धरली की जिना उतरताना कंबर तोलता येते. उचलण्यापेक्षा पुष्कळ सोपं.

एक्स-रे वाईट निघाला तर नाही आणायचं. मला माहीत आहे, हे वाचून तुम्ही माझ्यावर रागावाल. पण जो कुत्रा जिन्याला घाबरतो तो खाली जायलाच नको म्हणतो, मग गॅलरीत करायला लागतो, मग गॅलरीतही जाववत नाही, आणि तुमच्या प्रेमाच्या घरात तो एका खोलीपुरता उरतो. त्यापेक्षा शेल्टरमध्ये सपाट जमीन आणि दर रविवारी तुम्ही, हे त्याच्यासाठी जास्त चांगलं असू शकतं. त्याच्या औषधांचा खर्च उचला, त्याच्यासाठी तळमजल्याचं घर शोधा. बँकेतल्या ओळखी त्याच्यासाठी वापरा, तेही दत्तक घेण्याइतकंच काम आहे. आणि तुमच्या घरी आणायला तिथेच एखादं दहा-बारा किलोचं गावठी म्हातारं असेल, जे तुमच्या चपलेपर्यंत आलं नाही कारण ते लाजरं आहे. ते तुम्हाला एका हाताने उचलता येईल. एकदा त्याच्याकडेही बघून या.

आणायचं ठरलं तर घराकडे त्याच्या उंचीवरून बघा. गुळगुळीत फरशी हा म्हाताऱ्या कुत्र्याचा सगळ्यात मोठा शत्रू. पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सतरंज्या, जाजमं, जुनी योगा मॅट, जे असेल ते अंथरा. भांडं पाटावर ठेवा म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. पंजाच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस कापत राहा, त्यानेही घसरतं. औषधांच्या डब्याला कुलूप लावा : क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक यातलं काहीही, अर्धी गोळीही, 'बिचाऱ्याचं दुखतंय' म्हणून देऊ नका. या गोळ्यांनी कुत्र्यांची पोटं, लिव्हर, किडन्या कामातून गेलेल्या आहेत. त्यांची दुखण्यावरची औषधं वेगळी असतात आणि तीही रक्त तपासून. खाण्यात कांदा-लसूण नको, म्हणजे आपली उरलेली आमटी नको. आणि प्रसादाचा शिरा नको, त्यात बेदाणे असतात. द्राक्षं-मनुका कुत्र्याच्या किडनीला बाधतात हे पुष्कळ घरांना अजून माहीत नाही. दिवाळीत आणू नका. नवीन घर, त्यात सुतळी बॉम्ब. पट्ट्यातून मान काढून पळालेलं म्हातारं कुत्रं शोधणं फार कठीण.

पैशाचं थोडक्यात. म्हाताऱ्या कुत्र्याला नव्याने विमा मिळणं अवघड, बहुतेक योजनांना प्रवेशाच्या वयाची मर्यादा असते. त्यापेक्षा वेगळं खातं काढा आणि दरमहा ठरावीक रक्कम टाका. तुम्ही बँकेतल्या, मी काय सांगणार. दात किंवा गाठीचं एक ऑपरेशन येईल असं धरूनच चाला.

सेक्रेटरींचं फार मनावर घेऊ नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये परिपत्रक काढलं आहे : बहुमताने किंवा एकमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही. ते परिपत्रक छापून घरात ठेवा. पण दाखवायच्या आधी सेक्रेटरींकडे जाऊन लसीकरणाचं कार्ड दाखवा, पालिकेचा परवाना काढणार आहात ते सांगा, आणि खाली नेताना हातात पिशवी असेल याची खात्री द्या. तळमजल्यावरच्यांशीही बोला. जिन्यात तुम्ही आणि तीस किलो अडकलात तर दार तेच उघडणार आहेत.

आणि तुम्ही आधी गेलात तर. कुत्र्याच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत, माणसाच्या नावावर ठेवावे लागतात. तेव्हा एक माणूस ठरवा. मुलगा नको, तो बंगळुरूला आहे आणि त्याचं मत तुम्हाला कळलेलं आहे. भाची, मैत्रीण, शेजारचा कॉलेजातला मुलगा, ज्याने त्या कुत्र्याला आधी दहा वेळा फिरवलेलं असेल असं कोणी. त्याला विचारून, कागदावर नाव, डॉक्टरांचा नंबर, औषधांची वेळ, आणि वेगळ्या खात्यातली रक्कम कोणाकडे जाईल ते लिहा. मृत्युपत्र करणार असाल तर त्यात हे घाला. शेल्टरचा करारनामाही वाचा. सांभाळता आलं नाही तर कुत्रा त्यांच्याकडेच परत द्यायचा अशी अट बहुतेकांत असते, आणि ती तुमच्या सोयीची आहे. तुम्ही लिहिलेल्या कागदाची एक प्रत फ्रिजला चिकटवा.

या रविवारी जाल तेव्हा यजमानांना न्या. त्यांच्याकडून काही कबूल करून घ्यायला नको, नुसतं बसू दे त्यांना तिथे. जाताना घरातली एक जुनी गोधडी घेऊन जा, तुम्ही दोघं दोन-चार रात्री पांघरलेली, आणि त्याच्या जागेवर ठेवून या. तो घरी आला तर ती गोधडीही त्याच्याबरोबर आणा. कितीही वास मारली तरी पहिले काही आठवडे धुऊ नका.